जयवंतीचं बावखल

जयवंतीने मातीने भरलेली पाटी ओटीवर, जगन्नाथच्या झोपाळ्यासमोर उपडी केली. त्याने घाईघाईने पाय वर घेतले.

"हे काय?"

"बावखल खणतेय."

"अगं, जागा नाय ठरली अजून. पानी कुठं लागेल त्याचा विचार करतोय मी."

"तुम्ही करा विचार. मी खणते."

विचार करण्यात जगन्नाथचा हात धरणारा पार आगाशीपर्यंत कोणी नव्हता. वाडीच्या वाटणीत पंचांनी थोरला म्हणून आधी त्यालाच विचारलं होतं, कोणता भाग घेतोस. "विचार करून सांगतो," असं म्हणून तो घरी आला आणि जेवून झोपला. तोवर धाकट्या एकनाथने बावखलाची बाजू मागून घेतली. वाडीतलं गोड्या पाण्याचं ते एकुलतं तळं. पुढच्या उन्हाळ्यात एकनाथने मधल्या कुंपणाला काटे लावले आणि पाणी तोडलं. जयवंतीच्या पानवेली तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या.

तेव्हापासून जगन्नाथ कधी पाणाड्याला बोलवायचं म्हणे, कधी वसईच्या कोर्टात जायचं म्हणे. झोपाळ्यावरून मात्र हलत नसे. जयवंतीला एकनाथचा राग होताच, पण कधीकधी नवऱ्याचा त्याहून जास्त येई.

आता रोज सकाळी भाकऱ्या उरकल्या की ती पदर खोचून कुदळ उचली. कधी भरपूर माती निघे, कधी दोनचार पाट्यांतच कंबर धरे. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. कुंपणापलीकडे दात घासत उभा राहून एकनाथ मजा बघे.

"वहिनी, दादाला पुरायला खड्डा काय?"

"जागा उरली तर तुम्हालाही घेईन, भावोजी."

होळीच्या सुमाराला मातीला ओल आली. मग एका सकाळी खड्ड्यात घोटाभर पाणी दिसलं. जयवंतीने ओंजळभर पिऊन पाहिलं, गोड होतं. तिने खोल जाणं तिथेच थांबवलं आणि खड्डा बाजूंनी रुंद करायला घेतला. समुद्राजवळच्या या वाड्यांत गोडं पाणी वरवरच असतं, हावरटपणे खाली गेलं की खारं लागतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

एकनाथलाही ते ठाऊक होतं. पण वहिनीच्या खड्ड्यात पाणी चढलं आणि त्याचं डोकं फिरलं. "हिनं माझं पानी ओढलं," असं तो रेशनच्या रांगेत उभा राहून गावाला सांगू लागला. मग त्याने मजूर लावले आणि आपलं बावखल आणखी खोल खणायला घातलं. कुदळींचे घाव जयवंतीला दिवसभर ऐकू येत होते. एक हाक मारून सांगता आलं असतं. तिने ती मारली नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

एकनाथच्या बावखलाला खूप पाणी आलं. रहाट जोरात फिरला. थोड्याच दिवसांत त्याच्या पानवेलींची पानं कडेने करपायला लागली.

वैशाखात तो स्वतःच काटे बाजूला सारून आत आला. जयवंती गुडघाभर पाण्यात उभी राहून गाळ काढत होती. काठावर, आंब्याच्या सावलीत, जगन्नाथ खुर्ची टाकून बसला होता.

एकनाथ वहिनीकडे न बघता म्हणाला, "दादा, वेली जळतायत माझ्या. तुझ्या पान्याचा एक पाट इकडं काढून दे. तुम्हाला पुरून उरेल."

जयवंतीची मूठ फावड्यावर आवळली. नवरा मऊ होता, सख्ख्या भावापुढे तर विरघळायचाच. आता हा हो म्हणणार, याची तिला खात्री होती.

जगन्नाथने कुंपणातल्या वाटेकडे पाहिलं. बाजूला सारलेले काटे तिथेच पडले होते.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.



हे वाक्य ऐकून जयवंतीने आजवर कितीतरी भांडी आपटली होती. आता तिने गाळाची पाटी भरली, उचलून काठावर ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"करा," ती म्हणाली. "अगदी सावकाश करा."