डाव्या हाताची मूठ

शार्शेनबेककडून पिस्तुलाची मूठ कोरून घ्यायला लोक ओशहून यायचे, सीमेपलीकडच्या अल्माटीहून यायचे, आणि आले की आधी त्याचा नियम ऐकून घ्यायचे. नियम एकच होता. हात समोर पाहिजे. कुणी कागदावर पंजा रेखून पाठवला, कुणी बोटांची मापं लिहून पाठवली, तर तो गृहस्थ ते कागद सरळ चुलीत घालायचा आणि उलट निरोप धाडायचा, "हाताला घेऊन या. त्याला जमत नसेल तर तुम्हीही येऊ नका."

नियमात अर्थ होता. अक्रोडाचा ठोकळा ओबडधोबड तासायचा, नेमबाजाच्या तळव्याला निळा रंग फासायचा आणि त्याला मूठ धरायला लावायची. रंग जिथे उमटेल तिथलं लाकूड कानशीने काढायचं, की पुन्हा रंग, पुन्हा मूठ. असं तीस-चाळीस वेळा केल्यावर लाकूड हाताला ओळखू लागतं. चाळीस वर्षांत त्याने चारशे तरी हात धरले असतील. माणसाचा चेहरा तो विसरायचा, हात मात्र कधी विसरला नाही, असं तो स्वतःच सांगायचा. स्वतःबद्दल सांगायला त्याला आवडायचंच.

असा हा माणूस या हिवाळ्यात हात समोर नसताना एक मूठ कोरायला बसला. आणि तीही पोटच्या पोरीसाठी.

त्याची आयतुर्गान, घरात तुर्गान, एकोणतीस वर्षांची होती. बिश्केकमध्ये राहून राष्ट्रीय संघाबरोबर सराव करायची, पण संघात नव्हती; दर वर्षी दारापर्यंत जायची आणि दोन-चार गुणांनी परत यायची. नोव्हेंबरात संघाच्या डॉक्टरणीने सगळ्या मुलींचे डोळे तपासले. शार्शेनबेक तेव्हा मुठींच्या कामासाठी तिथेच होता. डॉक्टरीण म्हणाली, "हिचा नेमाचा डोळा डावा आहे. हातही डावाच असणार. हिला उजव्याने मारायला कुणी शिकवलं? इतकी वर्षं वाया घालवलीत की." खोलीत सगळ्यांना माहीत होतं कुणी शिकवलं ते. तुर्गान बुटाची नाडी बांधत म्हणाली, "माझी मीच शिकले." शार्शेनबेक खिडकीबाहेर बघत राहिला. आपल्या गावी, काराकोलला, परतताना सहा तासांच्या प्रवासात तो शेजाऱ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि ज्यांनी त्याला ओळखलं आहे त्यांना यावरूनच काय ते कळेल.

कारण वीस वर्षं तो उलटंच सांगत आला होता. कुठल्याही जेवणावळीत दुसरा चहा झाला की सुरू व्हायचा, "आमची पोर जन्माची डावखुरी. एका महिन्यात सरळ केली मी." ते खोटं नव्हतं. गावच्या नेमबाजी क्लबात पिस्तुलं सहा आणि सहाही उजव्यांची. डाव्या हातात धरलं की तळव्याला टेकू नाही, अंगठ्याला जागा नाही, आणि गोळी सुटली की तापलेली पुंगळी उजवीकडे उडून थेट गळपट्टीत. पोरीच्या मानेवर दोन डाग पडले होते, तरी ती पिस्तूल डाव्यानेच उचलायची. तेव्हा हा तिच्या मागे नळी साफ करायचा गज घेऊन उभा राहायचा. डावा हात पुढे आला की गज बसायचा. गावभरच्या हातांना मुठी कोरून देणाऱ्या या बाबाला स्वतःच्या पोरीसाठी एक डावी मूठ कोरायला चार दिवस लागले असते. लाकडापेक्षा पोर तासणं त्याला सोपं वाटलं.

आता नौरूझच्या सणानंतर बाराव्या दिवशी निवड चाचणी होती. प्रशिक्षकाने तुर्गानला स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची; यानंतर जागा नव्या मुलींना. शार्शेनबेकने मनात ठरवलं, या वेळी पोर स्वतःच्या हाताने मारेल. तिला आधी कळवायचं नव्हतं. माफी मागायची झाली तर ती कशी मागतात हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. लाकडातून जमेल तेवढं जमवावं एवढंच त्याला सुचलं. तिच्या उजव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा त्याच्याकडे होताच. तो आरशासमोर ठेवून, दिसेल तसं उलटं कोरत, त्याने तीन महिने काढले. दोन हात एकमेकांचे जोडीदारच असतात, असा हिशेब त्याने केला. दुसऱ्या कुणी असा हिशेब मांडला असता तर त्याने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

नौरूझच्या दुपारी तुर्गान आली. आईच्या गळ्यात पडली, दोन तळलेले बोर्सोक तोंडात कोंबले, तेवढ्यात हा म्हणाला, "चल जरा रेंजवर."

"आके, आत्ता? सणाचं?" ती बापाला म्हणाली.

"दहा मिनिटं."

तिची आई झूराकान भांड्यांतून ओरडली, "अहो, पोर अजून टेकलीसुद्धा नाही."

"टेकेल नंतर. पळून नाही चालली."

क्लबची रेंज रिकामी होती. भिंतींतून अजून हिवाळ्याची ओल निघत होती. शार्शेनबेकने फडक्यातून पिस्तूल काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्या मुठीत त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. लाकूड अर्सलानबोबच्या जंगलातल्या अक्रोडाचं, तेल पाच वेळा मुरवलेलं, अंगठ्याची खोबण उजव्या बाजूला. पुंगळी अंगावर येऊ नये म्हणून बाजूला पितळेचा छोटा पत्राही बसवला होता.

तुर्गानने वाकून खोबण पाहिली.

"डावी आहे," ती म्हणाली.

"मला दिसतंय. मीच कोरली."

"कधी?"

"हिवाळाभर. मला काय दुसरं काम होतं?" आणि मग, घसा साफ करून, "डॉक्टरीण बरोबर बोलत होती."

या एका वाक्यासाठी त्याला साडेतीन महिने लागले होते. तुर्गानचे डोळे भरले. तिने मूठ हातात घेतली नाही, आधी तिच्यावरून नुसता तळवा फिरवला. तिच्या तोंडावर आनंद होता आणि आणखी काहीतरी होतं, पण त्याने आनंद तेवढा पाहिला.

ती उभी राहिली, डावा हात उचलला, पाच गोळ्या मारल्या. शार्शेनबेकने दुर्बिणीतून पाहिलं. दोन कागदाच्या कडेला होत्या आणि तीन कागदावर नव्हत्याच.

"हात सवयीचा नाही," तो म्हणाला. "पुन्हा मार."

पुन्हा तेच.

"बोटांनी आवळतेस तू. सैल सोड."

"सोडलंय, आके."

"मग मूठ चुकली." हे शब्द त्याच्या तोंडून कुणी आजवर ऐकले नव्हते. त्याने खिशातून निळ्या रंगाची डबी काढली. "आण हात."

"राहू द्या ना. खूप सुंदर झालीय. मी घरी घेऊन जाते."

"शोभेला आहे का ती? हात आण."

रंग लावून तिने मूठ धरली आणि सोडली. तळवा बरोबर उमटला होता, तीन बोटं जवळपास बरोबर. चापाकडे जाणाऱ्या बोटाची खोबण मात्र कोरडीच होती. त्याने तिचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याशेजारचं बोट स्वतःच्या दोन बोटांत धरून चाचपलं, जसं तो कुणाचंही चाचपायचा. मधल्या सांध्याशी हाड जाड लागलं, वाकडं जुळलेलं. वरचं पेर वाकवून पाहिलं. ते वाकत नव्हतं.

चारशे हात धरलेल्या माणसाने पोरीचा डावा हात आज पहिल्यांदा धरला होता.

"हे कधीचं?"

"जुनं आहे."

"कधीचं, विचारतोय."

"तिसरीतलं."

मुलांचं पडणं-झडणं त्याच्या घरात आईच्या वाट्याला असायचं. त्याला काही आठवेना. तिसरीत तिने हात बदलला होता एवढंच आठवलं. ते तो वीस वर्षं सांगत होता, विसरणार कसा? आणि तिथेच त्याला समजलं. तो बाकावर बसला.

"गजाने?"

तुर्गान फडक्याने बोटांवरचा रंग पुसत होती. "तुम्ही मुद्दाम नाही मारलंत तेवढं जोरात. मी हात मागे घ्यायला हवा होता, घेतला नाही. हट्टी होते."

"नऊ वर्षांची होतीस."

"नंतर चाप ओढवेना त्या बोटाने. मग उजवा."

"आणि मी लोकांना सांगत फिरलो."

"फिरलात खरे," ती म्हणाली आणि किंचित हसली. तिच्या हसण्याने त्याला जास्त लागलं.

"आत्ता पिस्तूल उचललंस कशाला मग? ठाऊक होतं ना तुला?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने ठेवलंत टेबलावर." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आणि मला एकदा बघायचं होतं. मधल्या बोटानेही जमत नाही, आके. घरी करून पाहिलंय मी. खूप वेळा."

मग तिने क्लबचं जुनं पिस्तूल घेतलं आणि उजव्या हाताने पाच गोळ्या मारल्या. पन्नासपैकी सत्तेचाळीस. नेहमीचेच. सत्तेचाळीसने संघात जाता येत नाही, हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेर पडताना ती म्हणाली, "आईला बोलू नका. तिला तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगितलं होतं. आता उगाच कशाला?"

त्याने मान हलवली. शब्द पाळायचंही त्याच्या मनात होतं. पण घरी शेजारचा ओमुरझाक आला होता, बायको-सुनेला घेऊन, आणि चहा ओतला जाताच त्याने आपली जुनी खोडी काढली. "काय उस्ताद, आज ती गोष्ट नाही का? डावखुऱ्या पोरीची? आमच्या सुनेने अजून ऐकली नाहीये."

सगळे हसले. तुर्गानही हसली, सवयीने. म्हणाली, "सांगा ना आके, सणाची गोष्ट आहे."

ती त्याला वाचवत होती. डॉक्टरणीपासून वाचवलं होतं तसंच, आणि त्याआधी किती वेळा कुणास ठाऊक.

"मी तिचं बोट तोडलं," शार्शेनबेक म्हणाला. "गजाने. नऊ वर्षांची होती. म्हणून ती उजव्याने मारते. बाकी मी काही शिकवलेलं नाही."

ओमुरझाकने चहाची वाटी खाली ठेवली. त्याची सून ताटाकडे बघू लागली.

"कुणी विचारलं होतं तुम्हाला?" तुर्गान हळूच म्हणाली. "वीस वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. तुम्हाला एक दिवसही नाही लपवता आलं."

तिचं बरोबर होतं. बोलून त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तेही झालं नाही.

झूराकान किटली हातात घेऊन उभीच होती. रागावली नाही, रडलीही नाही. लेकीकडे बघून म्हणाली, "दार म्हणाली होतीस ना तू मला? कोठीच्या दारात सापडलं म्हणून. मी यांच्या मागे लागले, ते दार आधी नीट करा, पोरीचं बोट चिरडलं."

तेव्हा त्याला आठवलं. रविवार होता. दार बिजागऱ्यांवरून उतरवून त्याने अंगणात आडवं टाकलं होतं आणि दिवसभर रंधा मारला होता, कड बोटाने पुन्हा पुन्हा तपासत, पोरीला कुठे लागू नये अशी गोल होईपर्यंत. त्याला वाटलं होतं, आपण किती चांगले बाप आहोत. तुर्गान शेजारीच बसली होती, डाव्या हाताला चिंधी बांधलेली, आणि रंध्यातून पडणाऱ्या ढलप्या उजव्या हाताने टोपलीत भरत होती. तो खिडकीकडे वळून बायकोला मोठ्याने म्हणाला होता, "बघ, लागली उजवा वापरायला."