पंच्याऐंशी लिही

मी वजनकाटा बोलतोय. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका छोट्या क्लबच्या खोलीत, दारामागे माझी जागा होती. स्वभावाने मी भित्रा. कुणी दार आपटलं तरी माझा काटा दचकतो.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या दवाखान्यात बाळांची वजनं करीन. आलो इथे. मला आणणारे म्हातारे शिक्षक प्रत्येकाला पिशवीसकट माझ्यावर उभं करायचे. "विमानाला भीड नसते," म्हणायचे. ते निवृत्त झाले आणि माझ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा येऊन बसला. माणसं वजन तोंडी सांगू लागली. तोंडी वजन नेहमी हलकं असतं, हो.

त्या शिक्षकांची शेवटची विद्यार्थिनी फार काळजी घेणारी. नवा परवाना मिळाल्यावर ती वडिलांना आणि मामांना पहिल्यांदा वर नेणार होती. मामांनीच तिला लहानपणी सायकल शिकवलेली. आदल्या संध्याकाळी तिने पेन्सिलीने सगळा हिशेब मांडला: इंधन, माणसं, धावपट्टीची लांबी. सकाळी आठची गार हवा धरून.

मामा उगवले दुपारी एकला. तापलेल्या हवेत विमानाला उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. हे तिला पाठ होतं. तिने खोडरबर हातात घेतलंही. मग माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याला हात घातला.

"मामा, जरा काट्यावर..."

"मला काय पोतं समजलीस? पंच्याऐंशी लिही."

वडील हसले. तीही हसली. तिने पंच्याऐंशी लिहिलं. वर 'सकाळी आठ' तसंच राहिलं.

एरवी इंजिनाचा आवाज आमच्या खिडकीपाशी येतो तोवर वर चढलेला असतो. त्या दिवशी तो जमिनीलगतच पुढे गेला. थोडा उचलला, पुन्हा खाली बसला. मग कुंपणाच्या तारा कडाडल्या आणि गठ्ठ्याखाली माझा काटा हलला.

तिघंही वाचले. वडिलांच्या बरगड्या गेल्या, मामांची मांडी मोडली. चौकशीत तिने मामांचं नावसुद्धा काढलं नाही. चूक माझी, एवढंच सांगत राहिली.

तीन महिन्यांनी ती आपली उड्डाणांची वही न्यायला आली. बरोबर मामा, हातात काठी. त्यांनी काठीनेच गठ्ठा बाजूला ढकलला, काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यावर उभे राहिले. मी कितीतरी वेळ थरथरत होतो.

"वाच," ते म्हणाले.

"एकशे दोन."

"तेही अंथरुणात घटून. मी लाजलो गं, दुसरं काही नाही."

"मी पण लाजलेच की मामा. तुम्हाला उभं करायला."

वही घेऊन ती गेली. धावपट्टीकडे तिने पाहिलं नाही. त्यानंतर आली नाही.

आता मला दारासमोर ठेवलंय. माझ्यावर उभं राहिल्याशिवाय कुणी विमानाकडे जात नाही. लोक पोट आत ओढतात, श्वास धरतात. मला त्याने काही फरक पडत नाही. उभे राहा, एवढंच मागणं आहे. मी आकडा सांगतो, नावं ठेवत नाही.

दार वाजलं की अजून दचकतो. तिची पावलं असतील, असं वाटतं. कुणी उभं राहिल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हेच माझं दुर्दैव. त्या दुपारी मामा माझ्यापासून दोन पावलांवर होते.