कोपऱ्यातला लाल ठिपका

घरच्या छापखान्यात एवढी गर्दी, की कागद कापायचं यंत्र बंद ठेवावं लागलं. सगळे कॉम्प्युटरपुढे हात जोडून उभे. पडद्याच्या कोपऱ्यात साक्षात लाल ठिपका!

"हिरवा होता, पिवळा झाला, आता लाल," मठातून खास बोलावलेले ठिपकेमहाराज डोळे मिटून म्हणाले. "सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं खरं. धाकटी सून घरात आली आणि त्याच सुमारास डिझाइनच्या प्रोग्राममध्ये हिरवा ठिपका उगवला. महाराजांचं निदान तयार: सुनेचा पायगुण! ठिपका रंग बदलेल, लाल झाला की तिला माहेरी धाडा. आणि तो खरंच बदलला हो! सासूबाईंनी सुनेची बॅग भरून दारात आणून ठेवली. तिचा नवरा शाईचे डबे पुसत बसला. एरवी त्यांना कुणी हात लावत नसे.

"जाते," सून म्हणाली, "पण आधी ठिपक्यावर क्लिक करून बघते."

"हात लावू नकोस! भस्म होशील!" महाराज ओरडले.

"होऊ दे की. माहेरची खेप वाचेल."

तिने क्लिक केलं. भस्म काही झालं नाही, चौकट उघडली. तिने मोठ्यांदा वाचलं, "नवी आवृत्ती तयार आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा."

"बंद?" सासरे दचकले. प्रोग्राम बंद केला की धंदा बसतो, ही या घरची समजूत. संध्याकाळी फक्त पडद्यावर फडकं टाकायचं.

"तेच तर, बाबा! बंद केल्याशिवाय नवी आवृत्ती बसत नाही. म्हणून तो आधी हिरव्यात हळूच सांगतो, मग पिवळ्यात. तरी ऐकलं नाही की लाल होतो. सून असो वा नसो." ती महाराजांकडे वळली. "तुमच्या मठातल्या कॉम्प्युटरवर कुठला रंग आहे हो?"

"लालच आहे," महाराजांचा शिष्य भाबडेपणाने बोलून गेला.

"अगंबाई! मग तिथून कुठल्या सुनेला हाकललंत?"

गर्दीत खसखस पिकली. सुनेने चालू काम सेव्ह केलं, प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. काम जागच्या जागी होतं. ठिपका गेला होता, आणि सून तिथेच बसलेली होती. महाराज मात्र दिसेनात.

सासूबाईंनी दारातली बॅग उचलली आणि आत नेली.

मंडळी, देवाला अगदी मनापासून हात जोडा. पण घरच्या लेकीला हाकलून द्या म्हणणारा देव नव्हे, हे ओळखा. आणि कोपऱ्यात काही चमकलं, तर हात जोडण्याआधी तिथे काय लिहिलंय ते वाचा.