थंड प्लगची काळी जीभ

मित्रांनो, तारीख तीन फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे, आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात आम्ही एकूण अकरा जण. मी एक जुना स्पार्क प्लग आहे. पण त्या संध्याकाळी मी कोरा होतो आणि मला एकच उत्सुकता होती: आपली ठिणगी कोणाच्या कामी येणार?

माझे अंग पोलादी, त्यावर आटे, आणि पोटातून गेलेली पांढऱ्या चिनी मातीची नळी. इंजिनाच्या आत डोकावणाऱ्या तिच्या टोकाला मी माझी जीभ म्हणतो. कारखान्यात ही जीभ कोणाची आखूड ठेवतात, कोणाची लांब. माझी आखूड होती. का, ते मला ठाऊक नव्हते.

दुकानात एक परिचारिका आली. घरोघरी जाऊन इंजेक्शने देणे हे तिचे काम. तिच्या सायकलला छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेले होते आणि त्याचा प्लग झिजला होता. सोबत तिचे सासरे होते. उभा जन्म सुतारकामात गेलेला, पण सल्ला प्रत्येक विषयावर.

"इंजिन फार तापतं हो," सासऱ्यांनी बोटावरचा फोड दाखवला. "थंड प्लग द्या."

"एवढ्याशा इंजिनाला थंड?" दुकानदाराने विचारले.

"मग? उष्णता झाली की थंडच देतात. माझी सून नर्स आहे, मला नका शिकवू!"

"बाबा, मी असं कधी म्हटलं?" सून हसू दाबत म्हणाली.

गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून दुकानदाराने आठ नंबरचा थंड प्लग, म्हणजे मला, पुढे केला.

इंजिनात बसल्यावर बाहेरच्या बोलण्यावरून मला सारे उमगले. टेकडीवर एकटी राहणारी एक शिंपीणआजी होती. तिची नजर गेलेली. सकाळी आठला इन्सुलिन घेतल्यावरच तिला खाता येई. आदल्या महिन्यात परिचारिकेला दोनदा उशीर झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावले होते, "आणखी एकदा उशीर झाला, तर आजींना खाली शुश्रूषागृहात हलवावं लागेल." आजीला मात्र आपले घर सोडायचे नव्हते. त्या घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हाताला पाठ होती.

चार तारखेला आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर मी इमानेइतबारे ठिणगी देत होतो. पण चढणीवर वेग मंदावला आणि पेट्रोलात मिसळलेले तेल जिभेवर साचू लागले. ते जाळून टाकण्याइतकी ऊब माझ्यात टिकेना. ठिणगी विझली, इंजिन खोकले आणि थांबले. परिचारिकेने सायकल ढकलत नेली. पोहोचली तेव्हा साडेआठ झाले होते.

"आलीस का गं? पोटात कावळे ओरडून ओरडून झोपले बघ," आजी म्हणाली.

परिचारिकेला हसू आले नाही. तिने डॉक्टरांना फोन करून स्वतःच उशीर कळवला आणि फक्त एक दिवस मागून घेतला. "उद्याचा एक दिवस. शेवटचा," पलीकडून उत्तर आले.

दुपारी सासऱ्यांनी पाना लावून मला बाहेर काढले. "प्लगच फुटका निघाला! दुकानदाराने गळ्यात मारला." ते मला कचऱ्यात टाकणार, तोच सुनेने हात धरला.

"थांबा बाबा. पेशंटची जीभ बघितल्याशिवाय मी औषध बदलत नाही." तिने मला उजेडात धरले. "काळी, ओली, तेलकट. तापलेल्या इंजिनाच्या प्लगची जीभ अशी कशी असेल?"

तिने मला दुकानात नेले. दुकानदाराने टोक निरखले. "ताई, गरम-थंड हा प्लगचा स्वभाव. तो इंजिनाला दिलेला उतारा नव्हे. आखूड जिभेचा प्लग उष्णता पटकन सोडून देतो. तो वेगात पळणाऱ्या इंजिनाला हवा. तुमचं इंजिन संथ. त्याला थोडा गरम लागतो. या कंपनीत नंबर उतरला की गरमपणा वाढतो. सहा नंबर न्या."

"आणि फार गरम घेतला तर?"

"जीभ पांढरीफटक पडेल, पिस्टन जळेल. फिकट तपकिरी दिसली की समजा, जमलं."

तिने सहा नंबरचा प्लग घेतला, आट्यांची लांबी माझ्या शेजारी धरून पडताळली, ठिणगी जिथे उडते ती टोकाची फट मोजून घेतली: शून्य पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. मागोमाग आलेले सासरे दाराशी घुटमळत होते.

"म्हणजे चूक माझीच."

"चूक शब्दाची, बाबा. थंड म्हटलं की कोणालाही तसंच वाटेल."

"तुला नाही ना वाटलं," ते पुटपुटले आणि मला स्वच्छ पुसून त्यांनी सायकलच्या हत्यारपिशवीत ठेवले.

आजही मी तिथेच आहे. अंगावर गंज चढला आहे, काम कोणी सांगत नाही. पण पिशवीच्या उसवलेल्या शिवणीतून रस्ता दिसतो, ही चैन इंजिनातल्या प्लगला कुठली? मित्रांनो, एखादा काळवंडून थांबला तर लगेच त्याला फुटका ठरवू नका. त्याला कुठे बसवले होते, ते आधी पाहा.

पाच फेब्रुवारीला आम्ही पुन्हा चढण चढलो. इंजिन एकदाही खोकले नाही. आजीने दार उघडले आणि बाही वर केली. इंजेक्शनाची वेळ: सात वाजून चोपन्न मिनिटे.