ठकीचं पथ्य

ठकी आठवड्यातून तीन-तीनदा ओकू लागली, तेव्हा केशवराव म्हणाले, "वय झालं गं तिचं. चौदा वर्षं म्हणजे मांजराची पंचाहत्तरी."

उमाताई ठकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि बोटांना एकेक मणका लागत होता.

गारखेड्यातल्या त्यांच्या घरामागं पूर्वी ज्वारीचं शेत होतं. ठकी पिल्लू असताना तिथूनच कुंपणाखालून आत आली होती. आता शेताच्या जागी पाच मजली इमारत उठत होती, दोन वर्षं पाऊस रुसला होता, नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं. ठकी मात्र दोन वेळा दूध-पोळी चाटून पुसून खायची, तरी वाळत चालली होती. खाल्लेलं अंगी लागत नाही, हे कसलं म्हातारपण?

उमाताई कॅलेंडरवर खुणा करू लागल्या. ओकली की फुली, पातळ झालं की गोल. पंधरा दिवसांत सोळा खुणा झाल्या. त्यांनी कॅलेंडर गुंडाळलं, ठकीला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि रिक्षा केली.

जनावरांच्या डॉक्टर स्वराली वयानं लहान होत्या. त्यांनी आधी कॅलेंडर पाहिलं. "काकू, हे फार चांगलं केलंत. म्हातारपण हा आजार नसतो."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडं ठीक होती, पण आतड्याची भिंत जाड झाली होती.

"जुनी सूज असेल, नाहीतर हळू वाढणारा कॅन्सर. नक्की कळायचं तर भूल देऊन तुकडा काढावा लागेल."

"भूल सोसेल तिला?"

"अशक्त आहे. धोका आहे."

"मग तुकडा नको. दोन्हींत उपयोगी पडेल असं काय करता येईल, ते सांगा."

दूध-पोळी बंद. उकडलेली कोंबडी, त्यात डॉक्टरांनी दिलेली पूड, थोडं थोडं करून दिवसातून पाच वेळा. आठवड्याला बी-बाराचं इंजेक्शन. गुण आला नाही तर स्टेरॉइडची गोळी.

"कोंबडी?" घरी हे ऐकून केशवराव उभेच राहिले. "या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नाही!"

"स्वयंपाकघरात नाही. गच्चीवर शिजेल. पातेलं वेगळं, शेगडी वेगळी."

धुण्याभांड्याला येणाऱ्या भामाबाई बिडकीन गावच्या. त्यांनी शिकवलं. "बाई, मीठ-मसाला कायबी नगं. अन् हाडं समदी काढा, न्हाईतर घशात आडकंल."

पहिल्या दिवशी उमाताईंनी नाकाला पदर लावून हाडं वेचली. पण खरी परीक्षा पुढंच होती. ठकीनं दोन घास खाल्ले आणि दुधाच्या रिकाम्या वाटीपाशी बसून ती ओरडायला लागली. तीन दिवस ओरडली. तिसऱ्या दिवशी केशवरावांनाच राहवेना. "अगं, एक चमचा तरी दे."

"त्या चमच्यांनीच पोट बिघडलंय तिचं. मीच घातले ते, लाडानं. आता नाही."

चौथ्या दिवशी ठकी निमूट जेवली. ओकणं कमी झालं, पण थांबलं नाही, म्हणून गोळी सुरू झाली. मांसाच्या गोळ्यात दडवलेली गोळी ठकी हुडकून बाहेर टाकायची. उमाताई ती पुन्हा दडवायच्या.

मे महिन्यात एकदा सकाळी टँकर आला. उमाताई दोन तास बादल्या घेऊन रांगेत अडकल्या. ठकीच्या जेवणाची वेळ टळली म्हणून धापा टाकत वर आल्या, तर गच्चीवर केशवराव! नाकाला रुमाल बांधून, दोन चमच्यांनी हाडं वेगळी करत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "हे हाड आहे का शीर? बघ जरा, मला कळेना."

त्या शेजारी बसल्या आणि बघितलं. शीर होती.

जूनअखेर ठकी अडीच किलोंवरून तीनवर आली. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "ही पूर्ण बरी होणार नाही, काकू. पण सांभाळता येईल. काही महिने, कदाचित वर्षभर, कदाचित त्याहून जास्त."

"जेवढं असेल तेवढं," उमाताई म्हणाल्या आणि टोपलीचं झाकण लावलं. "पुढचं इंजेक्शन सोमवारी का मंगळवारी?"