चिमणीचा कोड

कुणीही फुकट वापरावी अशी ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यातला प्रिंटरचा कोड सांभाळता सांभाळता काकांचे केस पांढरे झाले, पण कुणाच्या तोंडून कधी साधं "वा!" निघालं नाही. आणि 'चिमणी' या नावानं लिहिणारी ती पोरगी काल आली काय, सगळे तिच्या कोडवर लट्टू झाले काय! काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिथला नियम असा, की दुसऱ्या कुणी तपासून खाली आपलं नाव घातल्याशिवाय कोड आत जात नाही. काका म्हणाले, "मी तपासतो." डोळ्यांत तेल घालून त्यांनी एकेक ओळ वाचली आणि कोड परत पाठवला. मधेच कागद संपला तर? छापताना वीज गेली तर? ती निमूटपणे दुरुस्त करायची, काका पुन्हा नाक मुरडायचे. शेवटी काढायला खोडच उरली नाही.

"जेवायला येताय, की त्या पोरीवर दात खाऊनच पोट भरलं?" बायकोनं विचारलं.

तेवढ्यात सिस्टीमच्या प्रमुखांचा निरोप आला. "वा, काका! इतका निर्दोष कोड आपल्याकडे आजवर आला नव्हता. चिमणी म्हणते, ही तुमच्या तपासणीची कमाल. यापुढे तिचा सगळा कोड तुम्हीच तपासा."

काकांनी टाइप केलं, "तपासलं. दोष नाही." आणि तिच्या नावाखाली आपलं नाव घातलं.

इतक्या वर्षांनी "वा!" मिळालं होतं, तेही तिच्याच कोडसाठी.