पडद्यावरची लाथ

"तुला मावरा नाय देनार, जा!" ठमाबाईनं मासळीच्या पाटीवर आडवा हात धरला. "गरवार बायकोला लाथ घालतंस, आनि वर माज्याकडं बांगडं मागाला येतंस?"

कोपरीच्या बाजारात भर सकाळी हा तमाशा. बाबा पिशवी धरून उभे, आणि शेजारी मी. मला राग आवरेना.

"अगं मावशी, सिनेमा होता तो! बाबांनी आईला आजवर बोटसुद्धा लावलं नाही."

"शिनेमा बिनेमा मला नको सांगू. मी माज्या डोल्यांनी बगितलाय!"

आता डोळ्यांनी बघितलंय म्हटल्यावर काय बोलणार, कपाळ! मी आणखी भांडले असते, पण बाबांनीच मला कोपराला धरून बाजूला घेतलं. परत येताना रिकामी पिशवी हलवत, चक्क हसत होते. घरात शिरताच आईला म्हणाले, "आज पिठलं टाक. ठमाबाईनं मासळी दिली नाही. म्हणजे काम बरं झालंय माझं."

माझे बाबा, उत्तम जगदाळे, सिनेमात मार खायचे. तोच त्यांचा धंदा. मारामारीच्या सिनेमात हिरो ज्या सात-आठ गुंडांना एकदम लोळवतो, त्यांतले एक ते असत. घोड्यावरून पड, टेबलावरून गडगड, गच्चीवरून गवताच्या ढिगात उडी मार. घरी आले की आई विटेनं पाठ शेकायची. आमच्या चाळीला त्यांचं भारी कौतुक. पडद्यावर बाबा दिसले आणि हिरोनं बुक्की हाणली की आख्खी चाळ शिट्ट्या मारायची, "पडला, आपला उत्तम पडला!" आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. आपला माणूस मार खातो म्हणून लोक टाळ्या पिटतात, आणि आपणही पिटतो. खरं सांगते, मीही पिटल्या आहेत.

आणि चोपन्न साली त्यांना पहिल्यांदा मारायचं काम मिळालं. कौटुंबिक सिनेमा. त्यात एक दारुडा पोटुशा बायकोला लाथ घालतो, एवढाच प्रवेश. सिनेमाचं नाव जाऊ दे, आता कुणाच्या लक्षातही नसेल. पण ठाण्याला तो लागला आणि आमच्या दाराची रयाच गेली. बायका बाबांना बघून पदर सावरायच्या. शेजारच्या गंगुबाई तेवढ्या पहिल्यासारख्या वागल्या, कारण त्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता.

ठमाबाईच्या शिव्या बाबांना गोड लागल्या, पण पोपट पानवाल्याची शाबासकी त्यांच्या घशाखाली उतरेना. तो टपरीवरून ओरडला होता, "काय उत्तम, लाथ काय घातलीस रे! एकदम कडक! पब्लिक नुसतं खूश!" बाबा पान न घेताच घरी आले. आईला म्हणाले, "बायका रडल्या ते कळतं गं. हे हसले कशाला?" आणि दाराशी जाऊन बसले.

त्याच महिन्यात मला स्थळ सांगून आलं. कल्याणचं. मुलगा मधू, कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर. वडील वारलेले, घरात आई कलावतीबाई. जेजुरीच्या एका जत्रेत त्यांनी मला लांबून पाहिलेलं, तेव्हापासून मी त्यांच्या मनात भरलेली. मलाही मुलगा फोटोत बरा वाटला होता. आधीची दोन स्थळं "मुलगी तोंडाळ आहे" म्हणून फिरली होती, त्यामुळे आई देव पाण्यात घालून बसली होती.

बाबांच्या कामाबद्दल आमच्या गोविंदामामांनी तिकडे "कंपनीत आहेत" एवढंच सांगितलेलं. पाहायला यायच्या आदल्या दिवशी मामा घाम पुसत आले.

"घात झाला, अक्का! त्या बाईंनी सिनेमा पाहिलाय. कल्याणला लागलेला. मधेच उठून बाहेर आल्या म्हणे, इतका संताप आला."

आई मटकन खाली बसली.

"यावर एकच उपाय," मामा म्हणाले. "दाजींनी उद्या समोर यायचंच नाही. गावी गेलेत म्हणून सांगू, देवळाच्या कामाला. मोठा माणूस म्हणून मी बसतो. एकदा लग्न लागलं की मग कोण विचारतंय?"

मला वाटलं, बाबा चिडतील. पोरीला बघायला येणार आणि बापानं लपून बसायचं! पण बाबा म्हणाले, "चालेल की. मी गंगुबाईंच्या खोलीत बसेन. रतनचं जमलं म्हणजे झालं. मला काय, मार खायची सवय आहे." आणि हसले. मला असं भडभडून आलं की मी उठून चुलीपाशी गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. कलावतीबाई, मधू आणि त्यांचे एक वयस्क दीर, जे पोहे खाण्यापलीकडे काही बोलले नाहीत. कलावतीबाई हडकुळ्या, कमी बोलणाऱ्या. मला नाव विचारलं, शिवण येतं का विचारलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "वडील दिसत नाहीत?"

"गावी गेलेत," मामा घाईघाईनं म्हणाले. "देवळाचं काम निघालंय."

"पोरीला बघायला माणसं येणार आणि वडील गावी?" त्यांनी मामांना सोडून माझ्याकडे पाहिलं. "का गं? घरात काही भांडण आहे का?"

आमच्या आणि गंगुबाईंच्या खोलीमध्ये नुसती फळ्यांची भिंत. पलीकडे बाबा खोकला दाबत होते, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. मामा डोळे वटारून बघत होते. आई दारामागून हात जोडत होती. सगळं समजत होतं मला. हे स्थळ गेलं तर आईची झोप उडणार, माझ्या नावाला आणखी बट्टा लागणार. पण ज्या माणसानं मार खाऊन खाऊन मला वाढवलं, तो फळीपलीकडे स्वतःच्या पोरीच्या लग्नाचं बोलणं चोरासारखा ऐकणार? जळो ते लग्न!

"शेजारच्या खोलीत बसलेत," मी म्हटलं. "तुम्ही घाबराल म्हणून. बोलावते."

आणि कुणी काही म्हणायच्या आत मी हाक मारली, "बाबा, या हो इकडे!"

बाबा आले. टोपी, धुतलेला कोट, मान खाली. दारातच नमस्कार केला. कलावतीबाईंनी त्यांना ओळखलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्या हातातली बशी कलंडली आणि त्या भिंतीकडे सरकल्या. आणि मधू, जो तोवर लाजून सतरंजीचे दोरे मोजत होता, तो उठून त्यांच्या पुढ्यात येऊन बसला, आपल्या आईच्या आणि माझ्या बाबांच्या बरोबर मधे. कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासूनची सवय असावी तसा बसला. त्यांच्या घरात काय घडून गेलं असेल ते मला तिथेच कळलं, आणि हा माणूस मला आवडला.

मामांनी कपाळाला हात लावला. दीर पोहे खात राहिले.

मग मधूच्या खांद्यावरून कलावतीबाईंनी विचारलं, "त्या पोरीला लागलं होतं का हो?"

बाबांनी मान वर केली. "कुठल्या?"

"सिनेमातल्या. तुम्ही लाथ घातलीत तिला."

"नाही ताई," बाबा म्हणाले. मग खालीच बसले, जरा अंतर ठेवून. "नाही लागलं. रोजावर आलेली कोवळी पोर होती. थरथरत होती. तिच्यापुढे आम्ही धान्याचं पोतं ठेवलं होतं, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं. मी पोत्यावर लाथ मारायची. पण पोतं सरकायचं आणि तिला धक्का बसायचा. हळू मारली तर डायरेक्टर म्हणे, दम नाही, परत घ्या. मग मी कुठूनसा एक जाड पाटा आणला, पोत्याऐवजी तो उभा केला, मागे खुंटी ठोकली. पाटा काही हलत नाही. आणि मारली जोरात."

"अनवाणी?"

"दारुडा घरात वहाणा कुठून घालणार?"

"मग ती किंचाळली ती?"

बाबा ओशाळले. "ती माझा अंगठा बघून किंचाळली हो. खरंच घाबरली बिचारी. तेवढी किंकाळी डायरेक्टरला फार आवडली, तीच ठेवली."

आई दारामागून पुढे आली. "तुम्ही तर म्हणालात, घोड्यानं पाय दिला!"

"तुला उगीच काळजी," बाबा पुटपुटले.

मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते. त्या किंकाळीला सगळं ठाणं रडलं होतं, आणि ती निघाली होती माझ्या बाबांसाठी!

"बघू," कलावतीबाई म्हणाल्या.

बाबांनी धोतराखाली दडवलेला उजवा पाय जरासा पुढे केला. अंगठा कायमचा वाकडा, नख काळं. कलावतीबाई मधूला बाजूला सारून पुढे आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"आमच्याकडे बापे शिट्ट्या मारत होते," त्या म्हणाल्या. "अजून एक घाल, म्हणत होते. मला बसवेना. बाहेर पायरीवर येऊन बसले. सारखं मनात यायचं, त्या पोरीला नंतर कुणी विचारलं असेल का, लागलं का म्हणून." त्यांनी पदर सारखा केला. "मला कधी कुणी विचारलं नाही."

मधू जमिनीकडे बघत होता. बाबांचे डोळे भरून आले. "मलाही आज तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत, ताई," ते म्हणाले. "शिव्या मिळाल्या, शाबासकी मिळाली. पण तिला लागलं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. फार उपकार झाले."

आज माझा संसार होऊन इतकी वर्षं झाली. सासूबाईंचं आणि माझं भांडणही पुष्कळ झालं, मी तोंडाळ, त्या हट्टी. पण त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

त्या दिवशी मुलगी पसंत आहे असं कुणी म्हणालंच नाही. कलावतीबाई सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "मधू, ऊठ. पाया पड त्यांच्या."

मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाच्या पाया पडायचं, तेही पाहण्याच्या कार्यक्रमात! मामांचा आ वासलेला. मधू वाकला तसे बाबा गडबडले. उजवा पाय झटकन मागे ओढला, डावा पुढे केला. "हा नको, हा नको. याच्यावर पडा."

"तोच पुढे करा," कलावतीबाई म्हणाल्या.

बाबांनी उजवा पाय परत पुढे आणला. मधूनं त्या वाकड्या अंगठ्यावर डोकं टेकलं. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचंच विसरले. मधू तसाच वाकलेला, बाबा तसेच बसलेले. शेवटी आई हळूच म्हणाली, "अहो, उठू द्या त्यांना."